जुळ्यांच्या गोधड्यांसाठी रंगांची अदलाबदल

गर्भलिंगनिदानाला आपल्याकडे कायद्याने बंदी असल्यामुळे, जुळ्यांसाठी आधीच गोधड्या शिवताना मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शोभेल आणि तरीही कोणती कोणाची हे चटकन ओळखता येईल, अशी रंगसंगती निवडावी लागते. यासाठी तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून हळदी आणि पोपटी या दोनच रंगांचे मऊ सुती कापड घ्यावे. एका गोधडीचा मध्यभाग हळदी व काठ पोपटी ठेवावा आणि दुसरीत नेमके उलट करावे, म्हणजे जोडीही जुळते. नक्षी चौकटींची, पानांची किंवा चिमण्यांची असावी. आजीची जुनी सुती साडी आत घातल्यास फारच उत्तम. कापड शिवण्यापूर्वी धुऊन घ्यावे. मात्र बाळे वर्षाची होईपर्यंत झोपेत त्यांच्या अंगावर गोधडी घालू नये. जागेपणी, आपल्या देखत, ती जमिनीवर अंथरावी.