वस्तऱ्याचं स्टेनलेस पोलाद कडक करताना या चुका टाळा

स्टेनलेसच्या पात्याबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. धार बसते पण टिकत नाही, पातं वाकडं निघतं, नाहीतर चार दिवसांत धारेवर तपकिरी ठिपके उमटतात. खापर पोलादावर फुटतं. खरी गडबड बहुतेक वेळा भट्टीत झालेली असते, कारण हाताला सवय साध्या कार्बन पोलादाची असते आणि तीच रीत स्टेनलेसवर चालवली जाते.

मुळात पोलादच चुकीचं

३०४ या प्रतीचं स्टेनलेस कितीही तापवा आणि विझवा, ते कडक होणार नाही. त्याची अंतर्रचनाच तशी नाही. ४२० ही प्रत कडक होते, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारांत कार्बन कमी असल्यामुळे वस्तऱ्याची धार ते फार काळ धरत नाही. धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बनवलेल्या स्टेनलेस पोलादात ०.२४ टक्के कार्बन आणि १२.८ टक्के क्रोमियम होतं. सुरुवातीला त्याला ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणून चिडवलं जायचं ते उगाच नव्हे.

खरा सापळा ४४०सी या प्रतीचा. जवळपास १ टक्का कार्बन, १७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, कागदावर सगळं भरभक्कम. पण हे पोलाद ओतताना, घट्ट होता होताच त्यात क्रोमियम कार्बाइडचे (क्रोमियम आणि कार्बनच्या कडक संयुगाचे) मोठे कण बनतात, कित्येकदा १० मायक्रॉनहून मोठे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनहूनही बरंच बारीक असतं. म्हणजे कणच धारेपेक्षा मोठा. तो धार लावताना निखळतो आणि मागे खळगा ठेवतो. कोणतंही उष्णतासंस्करण हे मोठे कण नाहीसे करत नाही. म्हणून पात्यांसाठी एईबी-एल किंवा १३सी२६ यांसारखी पोलादं वापरतात: कार्बन ०.६५ ते ०.६८ टक्के, क्रोमियम १३ टक्के, बस्स. दोन्ही हात राखून घातलेले, त्यामुळे कार्बाइड अगदी बारीक राहतात. जास्त मिश्रधातू म्हणजे जास्त चांगलं पातं, हा समज वस्तऱ्याच्या बाबतीत साफ खोटा आहे.

लोहचुंबकावर विसंबून तापमान ठरवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पाती इथेच वाया जातात. कार्बन पोलाद तापवताना चुंबक चिकटेनासा झाला, की आणखी थोडं तापवायचं आणि तेलात घालायचं, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि तिथे ते बरोबरही आहे. चुंबकाची पकड ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास सुटते. या स्टेनलेसला मात्र १०५० ते १०८० अंश लागतात. लालभडक रंग पाहून थांबलात तर अजून तीनशे अंशांची मजल बाकी आहे.

एवढी उष्णता कशासाठी? कारखान्यातून आलेल्या मऊ पोलादात कार्बन मोकळा नसतो. तो क्रोमियमला धरून कार्बाइडच्या बारीक कणांत अडकलेला असतो. कडकपणा येतो विरघळलेल्या कार्बनमुळे आणि गंजरोधकता येते विरघळलेल्या क्रोमियममुळे. दोघे एकाच कणात कैद आहेत आणि हे बारीक कण कमी तापमानाला विरघळत नाहीत. म्हणून कमी तापलेलं पातं मऊही राहतं आणि गंजतंही. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर दुसरीकडे शोधत बसू नका.

वेळही हवा. वस्तऱ्याच्या जाड पाठीला आतपर्यंत तापमान पोचल्यावर साधारण पाच मिनिटं द्यावी लागतात. वापरून फेकायची पाती जिच्यातून बनतात त्या ०.१ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचं काम कारखान्यातल्या सलग चालणाऱ्या भट्टीत यापेक्षा खूप लवकर होतं. थर्मोकपल (तापमान मोजणारं साधन) नसलेल्या भट्टीत हे काम करूच नये.

आता उलटी चूक. पातं मऊ निघालं म्हणून पुढच्या खेपेला भट्टी आणखी चढवली, आणि पातं आणखी मऊ निघालं. हे हमखास घडतं. तापमान ११२० अंशांच्या पुढे गेलं की कार्बन गरजेपेक्षा जास्त विरघळतो. अशा पोलादातला ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) खोलीच्या तापमानाला येऊनही पूर्णपणे मार्टेन्साइटमध्ये (थंड झाल्यावरच्या कडक रचनेत) बदलत नाही. जो उरतो तो मऊ असतो. शिवाय आतले दाणे मोठे होऊन पातं ठिसूळ होतं. मग मऊ पातं कमी तापलं होतं की जास्त, हे कसं ओळखायचं? उणे ७० अंशांच्या खाली गोठवून पुन्हा कडकपणा मोजा. आकडा ठळकपणे वर गेला तर ते जास्त तापलं होतं. जागचा हलला नाही तर कमी तापलं होतं.

उघड्या हवेत तापवणं

१०८० अंशांना पृष्ठभागातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून निघून जातो. जाड सुरीवरचा असा थर घासून काढता येतो. ०.१ मिलिमीटरच्या पट्टीत थर काढल्यावर उरणार काय? म्हणून कारखान्यात नायट्रोजन किंवा हायड्रोजनच्या वातावरणात पट्टी तापवतात, आणि एकटादुकटा कारागीर पातं स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पुडी घट्ट बंद करतो. पुडीच्या घड्या दुहेरी दुमडा. एका कोपऱ्याला टाचणीएवढं भोक राहिलं, तरी पात्यावर नेमकी त्याच जागी करडी खपली दिसते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कानस वरवर चावते, पण थोडं घासल्यावर घसरायला लागते. तसं झालं तर कातडीच मऊ आहे, गाभा ठीक आहे. खपलीखालच्या थरात क्रोमियमही कमी झालेलं असतं, म्हणून ती घासून पूर्ण काढली नाही तर गंज तिथूनच सुरू होतो.

थंड करताना घाई, नाहीतर आळस

हे पोलाद हवेतसुद्धा कडक होतं, त्यामुळे पाण्यात बुडवायची गरज नाही. पाण्यात पातं पिळवटतं किंवा तडकतं. मात्र हवेत कडक होतं याचा अर्थ पुडी तशीच विटेवर ठेवून द्यायची असा नाही. पुडीत उष्णता कोंडून राहते, आणि ९०० ते ६०० अंशांच्या टप्प्यात रेंगाळलेल्या पोलादात दाण्यांच्या सीमांवर पुन्हा क्रोमियम कार्बाइड साचतं. पुढे गंज याच सीमांवरून आत शिरतो.

चांगला उपाय म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या. भट्टीतून काढलेली पुडी त्यांच्यामध्ये दाबायची. पातं झपाट्याने थंड होतं आणि सरळही राहतं. पात्यांच्या कारखान्यातही पट्टी अशाच, पण आतून पाणी फिरणाऱ्या पाट्यांमधून सरकते. धार मात्र कडक करण्याआधी पूर्ण पातळ करू नका. अर्धा मिलिमीटर जाडी राखा, नाहीतर ती कडा लाटेसारखी वळते.

घरच्या फ्रीजरवर भागवणं

फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातो. उरलेला ऑस्टेनाइट बदलायला उणे ७० ते ८० अंश लागतात. सुका बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, त्याने काम भागतं. हातमोजे घाला आणि खोली हवेशीर ठेवा, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पातं खोलीच्या तापमानाला आलं की लगेच गोठवा. रात्रभर पडून राहिलं, तर उरलेला ऑस्टेनाइट स्थिरावतो आणि मग थंडीलाही दाद देत नाही.

टेंपरिंगचा चुकीचा टप्पा

टेंपरिंग म्हणजे कडक झालेलं पातं पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं. वस्तऱ्यासाठी १५० ते २०० अंश, दोन तास, दोनदा. ४२५ ते ५५० अंशांच्या टप्प्याकडे फिरकूच नका, तिथे पोलाद ठिसूळ होतं आणि गंजरोधकताही घटते.

वापरून फेकायच्या पात्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांच्या धारेवर टेफ्लॉनचा थर असतो, आणि तो वितळून पसरावा म्हणून पातं ३२७ अंशांच्या वर तापवावं लागतं. म्हणजे शेवटचं टेंपरिंग खरं तर लेप देणारी भट्टीच करते. तिथे कडकपणा उतरणार हे धरूनच आधीचं हार्डनिंग ठरवावं लागतं.

घासताना धार जाळणं

सगळं नीट जमवून आणलेलं पातं घासणीच्या यंत्राच्या पट्ट्यावर घासताना दोन सेकंदांत मऊ होतं. त्यात फसगत अशी, की कार्बन पोलादाचा रंगांचा तक्ता इथे लागू पडत नाही. कार्बन पोलादावर फिकट पिवळा रंग २०० अंशांच्या थोडं पुढे दिसतो. क्रोमियममुळे स्टेनलेसवर तोच रंग उमटायला जवळपास ३०० अंश व्हावे लागतात. म्हणजे पिवळी झाक दिसली तेव्हा तुमचं टेंपरिंग केव्हाच ओलांडलं गेलंय. उघड्या बोटांनी धरा, दर फेरीनंतर पाण्यात बुडवा, पट्टा नवा वापरा. ज्या पट्ट्यावर साधं लोखंड घासलंय तो स्टेनलेसला लावू नका. त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि गंजतात, आणि लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं.

दोष भट्टीचा नसतो तेव्हा

धारेला बारीक खाचा पडल्या तर लगेच ठिसूळपणाचं निदान करू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असलेला केसही धारेचा टवका उडवू शकतो. केस तिरका आदळला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना असमान असली, की ते घडतं.

कडकपणा मोजण्यातही फसगत होते. ०.१ मिलिमीटरच्या पट्टीवर रॉकवेल चाचणीचं (टोक दाबून कडकपणा मोजायच्या चाचणीचं) टोक दाबलं, तर ते खालच्या ऐरणीचा कडकपणा सांगतं. तिथे हलक्या भाराची विकर्स ही दुसरी चाचणीच हवी. जाड वस्तऱ्याच्या पाठीवर रॉकवेल चालतं. ६० ते ६२ एचआरसी (रॉकवेलचं कडकपणाचं माप) मिळाले की काम जमलं.

फसलेलं पातं पुन्हा कडक करता येतं, पण ते अजून जाड असेल तरच. आधी ७५० अंशांच्या आसपास तापवून मऊ करा, मग सगळं पहिल्यापासून. धार काढून झालेलं पातळ पातं पुन्हा भट्टीत घालण्यात अर्थ नाही. ते वळणार आणि कडेचा कार्बनही जाणार. त्याच पोलादाचा नवा तुकडा घेणं स्वस्त पडतं.