जुन्या ज्यू शाळेचा इतिहास कसा लिहावा : माझगावचे उदाहरण

शाळेच्या फाटकावरील पाटीला तिच्या इतिहासाचा आरंभ समजू नये. मुंबईतील माझगावची ज्यू शाळा आज सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु हाँगकाँग आणि शांघाय येथे व्यापार करणाऱ्या या गृहस्थांची देणगी मिळण्याच्या कितीतरी आधी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजाच्या, मुलांसाठी ‘इस्रायलाइट स्कूल’ सुरू केले होते. म्हणून प्रथम नामांतरांचा तक्ता करावा आणि प्रत्येक नावापुढे त्याचा पुरावा लिहावा. भायखळ्याची जेकब ससून शाळा ही बगदादी (इराककडून आलेल्या) ज्यूंची, इंग्रजी वळणाची, वेगळी संस्था होय. दोन्हींची माहिती एकत्र करण्याची चूक वारंवार होते.

त्यानंतर, शाळा निघण्यापूर्वी मुले कोठे शिकत होती, हे शोधावे. कोकणातून मुंबईत आलेल्या या मराठीभाषक समाजाची मुले मिशनऱ्यांच्या शाळांत जात. मिशनरी जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्येच हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले होते. आपली धर्मभाषा परधर्मी शिक्षकाकडून शिकावी लागणे, ही स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय स्वतःच्या शाळेची निकड उमगत नाही. पैशाचा मागही येथेच घ्यावा, कारण लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य या शाळेला लाभले होते. संस्थापकाचे लेखन मात्र जपून वापरावे : केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला, आणि मधल्या चाळीस वर्षांतील शाळा त्यात सापडणार नाही.

सर्वाधिक वेळ जनरल रजिस्टरला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दाखल होण्याच्या व शाळा सोडण्याच्या नोंदवहीला, द्यावा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, शाईचे पेन दूर ठेवून, दर दहा वर्षांतील एका वर्षाच्या नोंदी पेन्सिलीने उतरवाव्यात. आडनावांवर नजर असू द्यावी. केहीमकर म्हणजे किहीमचे, पेणकर म्हणजे पेणचे. त्यावरून कुटुंबाचे मूळ गाव कळते, पण धर्म कळत नाही. मुंबईचे पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांचा उल्लेख ‘सामाजी हसाजी’ असाही होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे नुसत्या नावावरून तर्क करण्याचा मोह आवरतो. धर्माचा रकाना आणि वेळापत्रकातील हिब्रूचे तास ताडून पाहावेत. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी होती, हेही तपासावे, कारण कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत.

रेबेका रूबेन १९२२ ते १९५० या काळात मुख्याध्यापिका होत्या, म्हणजे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली तेव्हा सूत्रे त्यांच्याच हाती होती. पुढील काही दशकांत बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे गेले. या वर्षांसाठी ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना ओळीने वाचावा. सहसा दुर्लक्षित राहणारा हा रकाना माझ्या मते संपूर्ण रजिस्टरात सर्वांत मोलाचा आहे.

तेथे लेखन थांबवू नये. आज शाळेत बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, आणि ही वाढही त्याच शाळेची आहे. या प्रकरणाला स्थापनेइतकीच पाने द्यावीत, आणि पालकांच्या मुलाखती मराठीबरोबरच हिंदी-उर्दूतून घेण्याची तयारी आधीच ठेवावी.