खोल ट्रोलिंगसाठी कोटिंग केलेला शिशाचा गोळा: निवड, वापर आणि डागडुजी

चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरणं म्हणजे ट्रोलिंग, आणि ते आमिष खोल नेणारं साधन म्हणजे डाउनरिगर. त्याचा गोळा घेताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. पाहायचं असतं ते वेगळंच: कोटिंग किती जाड आहे, केबल जोडायच्या कडीपाशी ते कसं बसलंय आणि तुमच्या वेगाला व खोलीला गोळ्याचं वजन पुरतं का. रंगाचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

डाउनरिगर नवीन असलेल्यांसाठी दोन शब्द. बोटीच्या काठावर बसवलेली चरखी, तिच्यातून बाहेर आलेला आडवा दांडा, दांड्याच्या टोकावरून खाली जाणारी केबल आणि केबलच्या शेवटी जड गोळा, एवढाच हा प्रकार. रॉडची, म्हणजे गळाच्या काठीची, दोरी गोळ्याला बांधत नाहीत. ती केबलवरच्या किंवा गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये चिमटतात. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि पुढची झुंज मोकळ्या दोरीवर होते.

शिसंच का, आणि वर कोटिंग कशाला

शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, तर बीड (ओतीव लोखंड) सुमारे ७.२ पट. साडेचार किलोचा शिशाचा गोळा जेमतेम ९ सेंटिमीटर व्यासाचा होतो. तेवढ्याच वजनाचा बिडाचा गोळा साडेदहाच्या पुढे जातो. पाण्याला भिडणारं क्षेत्रफळ त्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त वाढतं आणि गोळा तितकाच जास्त मागे ओढला जातो.

उघड्या शिशाचा त्रास मात्र पुष्कळ. हात काळे होतात आणि तेच हात पुढे जेवणाच्या डब्याला लागतात. शिसं विषारी आहे, हे सगळ्यांना माहीत असूनही बोटीवर विसरलं जातं. डेकवर पुसता न येणारे पट्टे उमटतात. खाऱ्या पाण्यात शिसं आणि स्टील एकमेकांना लागून राहिलं की झीज सुरू होते आणि पांढरी भुकटी धरते. व्हिनाइलचं (मऊ प्लास्टिकचं) कोटिंग हे सगळं थोपवतं, शिवाय गोळा बोटीच्या अंगावर आपटला तर धक्का थोडा मऊ होतो.

केबलभोवती तयार होणारा अगदी कमी विद्युतदाब माशांना जाणवतो, असं मानणारे सॅमन माशाचे ट्रोलर बरेच आहेत. त्यांना गोळा केबलपासून विद्युतदृष्ट्या तुटलेला हवा असतो. तसं करायचं असेल तर नुसतं कोटिंग पुरत नाही, कारण कडी उघड्या धातूचीच असते. कडी आणि केबल यांच्यामध्ये रबरी किंवा जाड नायलॉनचा दुवा घालावा लागतो. हा दुवा धक्केही गिळतो, म्हणून विद्युतदाबाचा सिद्धांत पटो न पटो, तो लावाच.

कोटिंग जाड म्हणजे चांगलं, हा गैरसमज. साडेचार किलोच्या गोळ्यावर सगळीकडून २ मिलिमीटर थर चढवला तर समोरचं क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के वाढतं आणि पाण्यातलं वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम. म्हणजे ओढ वाढते, बुडण्याची ताकद तेवढीच राहते. पातळ, एकसारखा आणि कडीच्या बुंध्यापर्यंत घट्ट चढलेला थर हवा.

कोटिंग आहे म्हणून शिशाचे नियम लागू होत नाहीत, असंही गृहीत धरू नका. बहुतेक बंदी लहान वजनांवर असते, कारण पाणपक्षी ती गिळतात. ब्रिटनमध्ये १९८७ पासूनची बंदी ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या वजनांवर आहे. डाउनरिगरचे गोळे त्याच्या कितीतरी वर असतात, पण जिथे मासेमारी करणार तिथला नियम वाचूनच निघा.

वजन आणि आकार

दोन नॉटच्या (ताशी पावणेचार किलोमीटरच्या) आसपास, १५ ते २० मीटरपर्यंत साडेतीन ते साडेचार किलो पुरतात. ३० मीटरच्या पुढे किंवा जोरदार प्रवाहात ५ ते ७ किलो लागतात. त्याआधी चरखीची आणि दांड्याची कमाल मर्यादा पाहून घ्या. मर्यादा ओलांडली की मोटार तापते आणि दांड्याचं बूड हलायला लागतं.

साधा गोल गोळा खाली गरगर फिरू शकतो. मागे पंख असलेला गोळा सरळ चालतो. दोन डाउनरिगर असतील तर पंख किंचित वाकवून डावा गोळा डावीकडे आणि उजवा उजवीकडे पळवता येतो. वाकवताना कोटिंगला चीर जाणार नाही इतकंच आणि हळू वाकवा. थंडीत व्हिनाइल कडक होतं, तेव्हा आधी कोमट पाण्यात ठेवा.

गोळा खाली सोडताना

बोट ट्रोलिंगच्या वेगावर आणि सरळ रेषेत असू द्या. थांबलेल्या बोटीवरून सोडलं तर आमिष लोंबतं आणि केबलला गुंडाळलं जातं.

१. चरखीचा क्लच असा लावा की गोळा अडकल्यावर केबल सरकेल, पण नुसत्या गोळ्याच्या वजनाने सरकणार नाही.

२. आमिष बोटीमागे ५ ते २५ मीटर सोडा. पाणी स्वच्छ आणि मासा बुजरा असेल तर अंतर जास्त ठेवा. खूप खोल जायचं असेल तर कमी चालतं.

३. दोरी क्लिपमध्ये चिमटा. हाताने झटका दिल्यावर सुटली पाहिजे, आमिषाच्या ओढीने सुटता कामा नये. क्लिप फार घट्ट असली की लहान मासा लागल्याचं कळतही नाही आणि तो बराच वेळ नुसता ओढला जातो.

४. रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक) सैल करून स्पूलवर, म्हणजे दोरीच्या फिरकीवर, अंगठा ठेवा आणि गोळा सावकाश उतरवा. एकदम सोडला तर स्पूलमध्ये दोरीचं घरटं होतं.

५. हव्या खोलीवर थांबून रॉड होल्डरमध्ये ठेवा, ड्रॅग पुन्हा मासा खेळवण्याइतका करा आणि रॉड चांगला कमानीसारखा वाकेपर्यंत दोरी गुंडाळा. ही कमान महत्त्वाची. दोरी सुटल्यावर रॉड झटक्यात सरळ होतो, ढील स्वतः खेचतो आणि गळ रुतायला मदत होते.

मासा लागला की आधी ढील भरून काढा. एकाने रॉड सांभाळायचा, दुसऱ्याने गोळा वर घ्यायचा. एकटे असाल तर मासा काबूत आल्यावरच गोळ्याकडे वळा.

काउंटर आणि खरी खोली

चरखीवरचा काउंटर फक्त सुटलेली केबल मोजतो. वेगाने केबल मागे झुकली की गोळा त्यापेक्षा वर असतो. केबल उभ्या रेषेपासून किती अंशांनी झुकली ते कोनमापकाने पाहा. ३० मीटर केबल सोडली असेल तर २० अंशांना गोळा सुमारे २८ मीटरवर, ३० अंशांना २६, ४० अंशांना २३ आणि ४५ अंशांना २१ मीटरवर असतो.

एक मेख आहे. केबल सरळ रेषेत नसते. दांड्यापाशी ती जास्त आडवी आणि गोळ्यापाशी जास्त उभी असते. त्यामुळे वरचा कोन घेऊन केलेल्या हिशोबापेक्षा गोळा थोडा खोलच असतो. खडकाळ तळावर हा फरक महागात पडतो, तेव्हा तळापासून निदान दोन-तीन मीटर वर राहा. झुकाव कमी असेल तर गोळा सोनारच्या (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर सलग रेघेसारखा दिसतो. तो दिसत असेल तर हिशोब बाजूला ठेवा.

झुकाव जास्त वाटला की लोक जड गोळा लावतात. आधी केबलकडे पाहा. एक मिलिमीटर जाडीची ३० मीटर केबल पाण्याला सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर आडवी येते, साडेचार किलोचा गोळा फक्त ६६. खोल जाल तसा केबलचा वाटा वाढत जातो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीची बारीक केबल अनेकदा दोन किलो जादा वजनाचं काम करते. वेगाचा परिणामही वर्गाच्या प्रमाणात होतो: वेग दुप्पट केला की ओढ चौपट.

वळण घेताना आतल्या बाजूचा गोळा मंदावतो आणि खाली जातो, बाहेरचा वेग पकडून वर येतो. म्हणून वळण मोठं घ्या, आणि तळ जवळ असेल तर आतली केबल आधीच काही मीटर वर घ्या.

गोळा अडकला तर

इंजिन न्यूट्रलला घ्या, क्लच सैल करा, बोट मागे नेऊन गोळ्याच्या वर आणा आणि उलट बाजूने ओढा. मागे जाताना ढिली केबल पंख्यात जाऊ देऊ नका. ताणलेली केबल हाताने धरू नका, हाताला गुंडाळणं तर दूरच. केबल कापणारी पक्कड चरखीजवळच बांधलेली असू द्या. मधला दुवा केबलपेक्षा कमी ताकदीचा ठेवला तर जातो तो गोळाच, केबल वाचते.

कोटिंगची देखभाल

कोटिंग सर्वात आधी कडीच्या बुंध्याशी फाटतं. तिथून पाणी आत शिरतं, पांढरी भुकटी धरते आणि थर फुग्यासारखा सुटतो. दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन हा भाग बोटाने दाबून पाहा. पोकळ लागला तर डागडुजीची वेळ झाली.

सुटलेला थर चाकूने कापून काढा. शिसं कोरडं घासू नका, धूळ श्वासात जाते. हातमोजे घालून ओल्या नायलॉनच्या घासणीने भुकटी काढा आणि ती घासणी व चिंध्या वेगळ्या बांधून ठेवा. पूर्ण वाळल्यावर अल्कोहोलने पुसा. मग हवेत सुकणाऱ्या द्रव रबरात गोळा अगदी सावकाश बुडवा आणि तितक्याच सावकाश वर काढा. घाई केली की बुडबुडे राहतात. दोन पातळ थर द्या, मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. कडीचा बुंधा दोन्ही वेळा बुडाला पाहिजे.

पावडर कोटिंग जास्त टिकतं. ते साधारण १७५ ते २०० अंश सेल्सियसला पक्कं होतं आणि शिसं ३२७ ला वितळतं, म्हणून गोळ्याला धोका नाही. पण त्यासाठी स्वयंपाकाची भट्टी कधीही वापरू नका.

ठोकर बसून खोल खाच पडलेला किंवा कडी हलणारा गोळा डागडुजीच्या पलीकडचा समजा. तो पाण्यात किंवा कचऱ्यात न टाकता शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याकडे द्या.