लिनक्सवर खाती व गट लावताना या चुका टाळा

दिंडोरी-पिंपळगाव भागातील द्राक्ष पॅकहाऊस असो की नाशिकच्या अंबड वसाहतीतील लहानसे कार्यालय, सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की त्याला हंगामी डेटा एंट्री ऑपरेटरांची खाती घाईघाईने उघडावी लागतात. मग सर्वांना एकच खाते व एकच पासवर्ड दिला जातो आणि पॅकिंग लिस्टमधील वजन कोणी बदलले, हे लॉगवरून कळेनासे होते. खाते प्रत्येकाला स्वतंत्र द्यावे. परवानग्या गटाला, म्हणजे एकाच कामाच्या खात्यांच्या समूहाला, द्याव्यात.

सर्वांत महागात पडते ती खात्यात बदल करणाऱ्या युजरमॉड (usermod) आदेशातील चूक. गट देण्यासाठीचा मोठा जी (-G) लिहिताना सोबतचा छोटा ए (-a) राहून गेला, तर नवा गट आधीच्या गटांत मिळवला जात नाही. आधीचे सर्व दुय्यम (खात्याच्या मुख्य गटाखेरीजचे) गट निघून जातात आणि दिलेला तेवढाच उरतो. आपल्याच खात्यावर हे घडून प्रशासकाचे अधिकार देणारा सूडो (sudo) गट गेला आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्डही ठेवलेला नसला (उबुंटूत तो मुळात नसतोच), तर सर्व्हर पुन्हा सुरू करून रिकव्हरी (दुरुस्तीच्या) मोडमध्ये जाण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून बदलाच्या आधी व नंतर आयडी (id) आदेशाने गटांची यादी पाहावी आणि चालू सत्र बंद करण्यापूर्वी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून खात्री करावी.

गटात घालूनही फोल्डर उघडत नसेल, तर त्या व्यक्तीला लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगावे, कारण चालू सत्राला नवा गट लागू होत नाही. येथे वैतागून ७७७ परवानगी, म्हणजे सर्वांनाच सगळी मुभा, देणे हा उपाय नव्हे. सामायिक फोल्डरला मालक व गट यांनाच मुभा देणारी २७७० द्यावी; तिच्यातील पहिल्या २ मुळे आतील नव्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो. मात्र युमास्क (umask, नव्या फाइलींच्या परवानग्यांतून काय वगळायचे ते ठरवणारी सेटिंग) ०२२ असेल तर सहकाऱ्यांना त्या फक्त वाचता येतात, म्हणून तो ००२ करावा.

हंगाम संपल्यावर खाते थेट पुसू नये. होमबाहेरच्या (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरबाहेरच्या) फाइलींवर जुना युजर क्रमांक तसाच राहतो, आणि पुढे तो नव्या माणसाला मिळाला तर त्या फाइलींचा मालक तोच ठरतो. नुसते पासवर्डला कुलूप लावूनही भागत नाही, कारण एसएसएच की (पासवर्डाशिवाय दुरून लॉगिन करू देणारी किल्ली-फाइल) असलेला माणूस तरीही आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवावी. हंगामी खात्यांना तर मुदतीची तारीख उघडतानाच घालावी.