स्वीडिश आइस हॉकीपटूची कारकीर्द तक्त्यातून कशी वाचावी

स्वीडिश खेळाडूच्या कारकिर्दीचा तक्ता उघडला की नजर आधी गुणांच्या रकान्याकडे धावते. तो रकाना शेवटी वाचायचा. आधी त्या हंगामातलं खेळाडूचं वय, मग लीग, मग त्या लीगमध्ये त्या वर्षी एकूण किती सामने झाले, आणि त्यानंतर गुण. हा क्रम चुकला की उत्तम बचावपटू सामान्य वाटतो आणि एखादा ज्युनियर उगाच थोर ठरतो. उदाहरणाला निकलास लिडस्ट्रॉम घेऊ: बचावपटू, जन्म २८ एप्रिल १९७०, आधी स्वीडनचा व्हेस्टेरोस क्लब, मग सलग २० हंगाम एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधला डेट्रॉइट रेड विंग्ज संघ.

रकाने सोपे आहेत. जीपी म्हणजे खेळलेले सामने, जी म्हणजे गोल, ए म्हणजे असिस्ट, गोल करणाऱ्याला दिलेला पास. एका गोलमागे जास्तीत जास्त दोन असिस्ट दिले जातात आणि गोल असो वा असिस्ट, गुण एकच. बेरीज स्वतः करून पाहा. लिडस्ट्रॉमचे एनएचएलच्या नियमित हंगामांतले २६४ गोल आणि ८७८ असिस्ट मिळून ११४२ गुण होतात, १५६४ सामन्यांत. उभी बेरीज जुळत नसेल तर आधी मध्येच संघ बदलल्याची वर्षं तपासा. अशा हंगामाला प्रत्येक संघाची एक ओळ असते, शिवाय ‘एकूण’ची आणखी एक. तीही बेरजेत धरली की आकडा फुगतो.

लीगची नावं काळाप्रमाणे बदलतात. १९७५ पासूनची एलिटसेरियन आणि २०१३ पासूनची एसएचएल ही स्वीडनची एकच सर्वोच्च लीग आहे. हॉकीऑलस्वेन्स्कन ही तिच्या खालची पायरी, आणि जे२०, जे१८ हे ज्युनियर गट. क्वालसेरियन ही वरच्या लीगमधल्या जागांसाठीची पात्रता फेरी होती, तिचे सामने प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमध्ये, मिसळू नका. रणजी आणि कसोटीची सरासरी आपण एकत्र काढत नाही, तसंच इथे प्रत्येक लीगचा हिशेब वेगळा ठेवा. सतरा वर्षांच्या मुलापुढे वरच्या लीगचे दहा सामने आणि शून्य गुण दिसले तर तो बर्फावर किती मिनिटं होता ते शोधा. संघाबरोबर नाव लागलं आणि जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळाली, असं या वयात सर्रास होतं.

आता लिडस्ट्रॉमची १९८८-८९ ची ओळ बघा: एलिटसेरियनमध्ये २० सामने, एकही गोल नाही, २ असिस्ट. याच हंगामानंतर डेट्रॉइटने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क घेतात त्या निवडीत, ५३ वा निवडलं. निवड झाली म्हणजे खेळाडू लगेच गेला असं समजायचं नाही. तो आणखी दोन हंगाम व्हेस्टेरोसमध्येच होता: ३९ सामन्यांत १६ गुण, मग ३८ सामन्यांत २३. दर सामन्याला ०.१०, ०.४१, ०.६१ अशी चढण. तरुण खेळाडूचा तक्ता वाचताना ही चढणच सगळ्यात जास्त सांगून जाते. डॅनियल आणि हेन्रिक सेदिन या जुळ्या भावांचंही तसंच: १९९९ मध्ये दुसरी आणि तिसरी निवड, पण पुढचा हंगाम मोडो या स्वीडिश क्लबकडूनच, आणि एनएचएलच्या व्हँकुव्हर संघात २००० मध्ये. त्यामुळे टिपण करताना ड्राफ्टचं वर्ष आणि स्वीडन सोडल्याचं वर्ष वेगळं लिहा. १५ सप्टेंबरनंतर जन्मलेला खेळाडू पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जातो, म्हणून एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांची तुलना करण्यापूर्वी जन्मतारीख पाहाच.

सामन्यांच्या आकड्यात फसगत ठरलेली. १९९१-९२ मध्ये एनएचएलचा हंगाम ८० सामन्यांचा होता. लिडस्ट्रॉम सगळे ८० खेळला, ६० गुण. १९९४-९५ मध्ये मात्र त्याच्यापुढे ४३ सामने दिसतात. वाटतं, मोठी दुखापत. प्रत्यक्षात लॉकआउटमुळे (करारावरच्या वादात मालकांनी खेळ बंद ठेवल्यामुळे) तो हंगामच ४८ सामन्यांचा झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या नावावर व्हेस्टेरोसची एक छोटी ओळही आहे. २००४-०५ तर एनएचएलचा पूर्ण हंगामच रद्द झाला. त्या वर्षी अनेक स्वीडिश खेळाडू मायदेशी खेळले, तसे सेदिन बंधू मोडोत दिसतात. लिडस्ट्रॉमची ओळच नाही.

बचावपटूला गुणांवरून तोलणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. १९९९-२००० मध्ये लिडस्ट्रॉमचे ७३ गुण होते, दुसरा बचावपटू ख्रिस प्राँगरचे ६२. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक प्राँगरला मिळाला. लिडस्ट्रॉमला तो पहिल्यांदा २००१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी मिळाला, आणि मग एकूण सात वेळा. गुणांच्या शेजारी बर्फावरची मिनिटं ठेवा: साठ मिनिटांच्या सामन्यात तो अनेक हंगाम सरासरी २७ मिनिटांहून जास्त खेळला. शिक्षेची मिनिटंही, म्हणजे नियम मोडल्याबद्दल बर्फाबाहेर बसावं लागलेला वेळ, बघा. संपूर्ण एनएचएल कारकिर्दीत ५१४, म्हणजे सामन्यामागे सुमारे २० सेकंद. प्रतिस्पर्ध्याला रोखणं हेच ज्याचं काम, त्याच्यासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

प्लस-मायनस म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल; त्या एकट्यावर विसंबू नका. त्यात पॉवर-प्लेमधले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गोल धरत नाहीत आणि सोबतच्या खेळाडूंचा परिणाम मोठा असतो. २०१०-११ मध्ये लिडस्ट्रॉमचा आकडा उणे २ होता, कारकिर्दीत एकदाच उणे. सातवा नॉरिस त्याच हंगामाचा.

राष्ट्रीय संघाचा तक्ता वेगळा असतो, आणि त्यातली रिकामी वर्षं लगेच वगळला गेल्याची समजू नका. जागतिक स्पर्धा साधारण एप्रिल-मेमध्ये भरते, नेमकी स्टॅन्ली करंडकाच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, प्लेऑफच्या वेळी. डेट्रॉइटने करंडक जिंकला त्या १९९७, १९९८, २००२ आणि २००८ या वर्षांत लिडस्ट्रॉम तिथे असणं शक्यच नव्हतं. १९९४ मध्ये डेट्रॉइट पहिल्याच फेरीत हरला आणि तो जागतिक स्पर्धेत खेळून कांस्य घेऊन आला. ऑलिंपिक फेब्रुवारीत होतं, त्यासाठी १९९८ पासून २०१४ पर्यंत एनएचएलचा हंगाम मध्येच थांबत असे. २००६ च्या तुरीनमधल्या ओळीमागे सुवर्ण आहे, आणि फिनलंडविरुद्ध ३-२ अशा अंतिम सामन्यातला विजयी गोल लिडस्ट्रॉमचाच.