होलिरूडमधून सरकारकडून सरळ उत्तर कसं काढायचं

जीपीने (फॅमिली डॉक्टरने) हॉस्पिटलला रेफर केलं, वर्ष उलटलं, पत्र नाही. किंवा मुलाच्या शाळेत सपोर्ट टीचर नाही. मग मराठी ग्रुपवर प्रश्न पडतो आणि तेच तीन सल्ले येतात: ऑनलाइन पिटिशन टाका, फर्स्ट मिनिस्टरला (स्कॉटिश सरकारच्या प्रमुखाला) ट्विटरवर टॅग करा, खासदाराला लिहा. पिटिशनची वेळ बहुतेकदा आलेलीच नसते, टॅग कोणी वाचत नाही, आणि खासदार म्हणजे लंडनमधला एमपी, ज्याचा स्कॉटलंडच्या दवाखान्याशी काही संबंध नाही. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर रस्ता वेगळा आहे, तो एडिनबराच्या होलिरूडमधून, म्हणजे स्कॉटिश संसदेतून जातो, आणि त्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे लेखी प्रश्न. हे मी स्वतःसाठी आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांसाठी केलंय, म्हणून जरा स्पष्टच लिहिते.

आधी पत्ता बरोबर आहे का बघा

१९९९ पासून आरोग्य, शाळा, पोलीस, घरं, पर्यावरण, कौन्सिलांचा कायदा हे सगळं स्कॉटिश संसदेकडे आहे. व्हिसा, पासपोर्ट, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. आपल्या लोकांची निम्मी गाऱ्हाणी व्हिसाची असतात, ती घेऊन होलिरूडला जाऊ नका, तिथे मंत्र्याला उत्तर देण्याचा अधिकारच नाही, त्यासाठी एमपी. कचरा वेळेवर उचलत नाहीत, रस्त्यात खड्डा आहे, तर कौन्सिलर. स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिलं (आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्था) आहेत, तुमची कोणती ते कौन्सिल टॅक्सच्या बिलावर असतंच.

स्वतःची तक्रार वेगळी लावा

तुमच्या एकट्याच्या केसचा निकाल संसद लावत नाही. त्यासाठी हेल्थ बोर्डाकडे (तुमच्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणारी संस्था) किंवा कौन्सिलकडे रीतसर तक्रार करायची: पहिला टप्पा ५ कामाचे दिवस, दुसरा २०, आणि तरी समाधान नाही झालं तर स्कॉटिश पब्लिक सर्व्हिसेस ऑम्बुड्समन (सरकारी सेवांच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी), मात्र प्रकरण कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. फोनवर बोलून सोडून देऊ नका, ईमेल करा. एवढंच.

आठातून एक आमदार निवडा

स्कॉटिश संसदेत १२९ आमदार, म्हणजे एमएसपी. ७३ मतदारसंघांचे, ५६ विभागांचे, आणि विभाग ८. म्हणजे तुमचा एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे, एकूण आठ जण तुमचेच. संसदेच्या साइटवर पोस्टकोड टाकला की आठही नावं येतात. भारतीय पासपोर्टवर रीतसर व्हिसा घेऊन राहत असाल तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला मत आहे, आणि मतदार यादीत नाव नसलं तरी आमदाराला लिहिता येतं, संकोच कशाचा.

माझं मत विचाराल तर केस सोडवायची असेल तर मतदारसंघाचा आमदार, कुठल्याही पक्षाचा. पण सरकारला प्रश्न विचारायचा असेल तर विरोधी पक्षातला विभागीय आमदार शोधा, तोही त्या विषयाच्या समितीवर असलेला. सत्ताधारी पक्षाचा आमदार मंत्र्यांना छान पत्र लिहील, मंत्र्यांचं छान उत्तर येईल, तुम्ही ते फ्रिजवर लावा. आणि आठही जणांना एकच ईमेल सीसी करू नका, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. ईमेलमध्ये पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड पाहिजे, नाहीतर ऑफिसातली पोरं पुढे सरकतच नाहीत.

प्रश्न लिहिणं, इथेच सगळे अडकतात

आता मुख्य भाग. मीही सगळ्यात जास्त इथेच झगडलेय, कारण मला वाटायचं प्रश्न मनापासून लिहिला की उत्तरही तसंच येईल. तसं नसतं. आपल्याकडे विधानसभेत तारांकित-अतारांकित असतं ना, त्यातल्या अतारांकितसारखं हे: आमदार लेखी प्रश्न दाखल करतो, चेंबर डेस्क नावाचं ऑफिस तो नियमात बसतो का ते तपासतं, मग सरकारने साधारण १० कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, मोठ्या सुट्टीत २०. उत्तर मंत्र्याच्या नावाने छापलं जातं आणि कायमचं राहतं. प्रत्येक प्रश्नाला नंबर असतो (२०२१ मध्ये निवडून आलेल्या संसदेतल्या लेखी प्रश्नांचा एस-६-डब्ल्यूने सुरू होणारा), तो जपून ठेवायचा.

आमदाराच्या ऑफिसात दोन-तीन माणसं असतात आणि ईमेलांचा ढीग. तुम्ही प्रश्न तयार करून दिलात तर तो जातो, नुसती व्यथा दिलीत तर सहानुभूतीचं उत्तर येतं. म्हणून मसुदा तुम्हीच करायचा.

एका काकूंचं उदाहरण देते. गुडघा बदलायचा होता, ऑपरेशन ठरलं होतं, तारीख नाही. स्कॉटलंडमध्ये २०११ चा पेशंट राइट्स कायदा आहे, त्यात अशा ठरलेल्या ऑपरेशनसाठी १२ आठवड्यांची हमी आहे, पण ती मोडली म्हणून नुकसानभरपाई मागता येत नाही, त्यामुळे बोर्डंही निवांत असतात. काकूंच्या मुलाने लिहिलेला प्रश्न असा होता:

"सरकारला याची जाणीव आहे का की वयस्कर रुग्ण असह्य वेदनेत वर्षानुवर्षं ताटकळत आहेत, आणि सरकार याबाबत काय पावलं उचलत आहे?"

पहिला अर्धा चेंबर डेस्कलाच अडकतो, प्रश्नात स्वतःचं मत घालायचं नाही असा नियमच आहे. दुसरा अर्धा पास होतो, आणि तोच जास्त घातक. "काय पावलं उचलत आहे" असं विचारलंत की तीन परिच्छेद येतात: इतके मिलियन पाउंड दिले, कर्मचाऱ्यांचे आभार, रुग्ण केंद्रस्थानी. भाजीवाल्याला भाव विचारावा आणि त्याने गड्डी किती ताजी आहे ते सांगावं, तसं. हे चार शब्द कोणत्याही प्रश्नात लिहू नका. गंमत म्हणजे निम्मे आमदार स्वतःच असे प्रश्न टाकतात, प्रेस रिलीजला तेवढं पुरतं म्हणून.

आम्ही बदलून हे केलं:

"गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी ५२ आठवड्यांपेक्षा जास्त काळ प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांची संख्या गेल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षी ३१ मार्च रोजी किती होती, हेल्थ बोर्डनिहाय?"

यात विशेषण नाही, वेदना नाही, काकू नाहीत. एकच गोष्ट विचारलीय, तिला एकक आहे, तारीख आहे, आणि विभागणी आहे. विभागणी फार महत्त्वाची, कारण देशाचा एकत्रित आकडा मागितला की तुमचं बोर्ड बाकीच्यांच्या मागे लपतं. एका प्रश्नात एकच गोष्ट, दोन विचारल्या की सोप्या गोष्टीचं उत्तर येतं. (इंग्रजीत लिहिताना सुरुवात ठरलेली असते, "टू आस्क द स्कॉटिश गव्हर्नमेंट", ते ऑफिसवाले लावतात.)

तरीही सरकार निसटायला बघतं, आणि निसटायच्या वाटा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात आवडती म्हणजे "ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही". हे खोटं असतंच असं नाही, पण तुम्ही आधी पब्लिक हेल्थ स्कॉटलंडचे आकडे बघितले असते तर काय ठेवलं जातं ते कळलं असतं. तिथे प्रतीक्षायादीचे आकडे नियमित येतात. जे आधीच छापलंय ते विचारलं तर लिंक मिळते आणि प्रश्न फुकट जातो, जे कुठेच नाही ते विचारलं तर हे वाक्य मिळतं. मधली जागा शोधायची. खात्री नसेल तर पहिला प्रश्न असा टाका: "अमुक विषयावर सरकारकडे कोणती माहिती आहे?" मग त्या उत्तरातल्याच शब्दांनी दुसरा.

दुसरी वाट, "हा बोर्डाच्या दैनंदिन कारभाराचा विषय आहे". यावर उपाय म्हणजे बोर्डाबद्दल विचारायचंच नाही, मंत्र्यांबद्दल विचारायचं: मंत्र्यांनी किंवा त्यांच्या अधिकाऱ्यांनी या बोर्डाशी या विषयावर शेवटची बैठक कोणत्या तारखेला घेतली आणि काय ठरलं? बैठक मंत्र्यांची, तारीख मंत्र्यांची, आता ती बोर्डावर ढकलता येत नाही. आणि बैठक झालीच नसेल तर ते उत्तरच तुमच्या कामाचं.

तिसरी, "यथावकाश". अहवाल कधी प्रसिद्ध करणार? यथावकाश. "कधी" असं मोकळं विचारू नका, "या वर्षी ३० सप्टेंबरच्या आत प्रसिद्ध करणार का, आणि नसल्यास का नाही" असं विचारा. तरी यथावकाश आलं तर महिन्याभराने हाच प्रश्न परत, आधीच्या उत्तराचा नंबर देऊन. आमदाराचं ऑफिस कंटाळेल, तुम्ही कंटाळू नका.

चौथी, "आधीच्या अमुक प्रश्नाचं उत्तर पाहावं". हे टाळायचं असेल तर प्रश्न पाठवायच्या आधी संसदेच्या साइटवर जुने प्रश्न शोधा, ते सगळे उघडे आहेत. संसदेच्या स्वतःच्या संशोधन विभागाची टिपणंही फुकट वाचायला मिळतात, आमदारांचे सहाय्यक तीच वाचतात, मग आपण का नको.

बोर्डाकडूनच आकडे हवे असतील तर

माहितीचा अधिकार. स्कॉटलंडचा स्वतःचा कायदा आहे, २००२ चा, लागू झाला १ जानेवारी २००५ ला, म्हणजे आपल्या आरटीआयच्याही थोडा आधी. २० कामाच्या दिवसांत उत्तर, अर्जाला दहा रुपयांचं तिकीट वगैरे काही नाही, साधा ईमेल चालतो. माहिती काढायचा खर्च ६०० पाउंडांच्या वर जातो असं त्यांनी म्हटलं तर नाकारू शकतात, म्हणून पाच वर्षं आणि दहा तक्ते एकदम मागू नका. नाकारलं तर फेरविचार मागा, तरी नाही तर सेंट अँड्रूजला इन्फर्मेशन कमिशनर बसतात त्यांच्याकडे. विभागीय हेल्थ बोर्डं १४ आहेत, सगळ्यांना एकच मजकूर पाठवायला एक संध्याकाळ पुरते, आणि मग तो तक्ता घेऊन आमदाराकडे परत गेलात की "केंद्रीय पातळीवर नाही" हे वाक्य मेलं.

समितीपर्यंत न्या

आकडे हातात आले की खरी मजा समित्यांमध्ये. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरला प्रश्न विचारतात, तो कार्यक्रम टीव्हीवर रंगतो, तिकीट फुकट असतं, पाहुणे आले तर जरूर दाखवा, २००४ ची ती इमारत बघण्यासारखीच आहे. पण तिथे कोणी कोणाला उत्तर देत नाही. मंत्र्याला तासभर एका जागी बसवून तेच तेच विचारलं जातं ते सकाळच्या समित्यांमध्ये.

लेखापरीक्षण समितीचं उदाहरण म्हणजे फेरी बोटींचं प्रकरण. दोन जहाजं, २०१५ मध्ये ९७ मिलियन पाउंडांचं कंत्राट, २०१८ च्या आसपास चालू व्हायची होती. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या जहाजाचं जलावतरण झालं तेव्हा ब्रिजच्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या. ते जहाज, ग्लेन सॅनॉक्स, प्रवाशांना घेऊन ॲरन बेटाला गेलं २०२५ च्या जानेवारीत. मधे २०२२ च्या मार्चमध्ये ऑडिटर जनरलचा अहवाल आला आणि त्यातलं बोचणारं वाक्य पैशांबद्दल नव्हतं, कागदांबद्दल होतं: मंत्र्यांनी एवढा धोका का पत्करला हे समजावणारी पुरेशी कागदपत्रंच नाहीत. मग पब्लिक ऑडिट कमिटीने त्याच धाग्याने सगळ्यांना बोलावून विचारलं. जहाज लवकर आलं नाही, पण कोणी काय ठरवलं याचा जाब तिथेच मागितला गेला.

समित्या अधूनमधून लोकांची मतं मागवतात. त्या वेळी एक पान पाठवा, पहिल्या दोन ओळींत समितीने कोणाला काय विचारावं ते, खाली तुमचा तक्ता, मग लेखी उत्तरांचे नंबर. आत्मचरित्र नको.

पिटिशन, शेवटी

लोक समजतात हजारो सह्या लागतात. एक सही पुरते, तुमची. पण विषय संसदेच्या अधिकारातला हवा, राष्ट्रीय धोरणाचा हवा, तुमची वैयक्तिक केस नको, आणि आधी काय प्रयत्न केले ते सांगावं लागतं, म्हणून तर ती शेवटी. वेळ लागतो. मेश इम्प्लांटमुळे (ऑपरेशनने शरीरात बसवलेल्या जाळीमुळे) त्रास झालेल्या बायकांची पिटिशन २०१४ ची, आणि मेश काढायला खाजगीत केलेला खर्च परत देण्याचा कायदा आला २०२२ मध्ये. ए९ रस्ता पर्थ ते इन्व्हर्नेस २०२५ पर्यंत चौपदरी होणार होता, २०२३ मध्ये सरकारने ते जमणार नाही असं कबूल केलं आणि पुढे २०३५ ची तारीख दिली. त्यावरच्या पिटिशनमुळे समितीने चौकशी लावली, तिच्यासमोर दोन माजी फर्स्ट मिनिस्टर येऊन बसले. रस्ता अजून पूर्ण नाही.

राहिलं एक. उत्तर आलं की आकडे तुमच्या तक्त्याशी ताडून बघा, मंत्र्यांची उत्तरंही चुकतात, आणि चूक दाखवली तर नोंद दुरुस्त करायची पद्धत संसदेत आहे. आमदाराच्या ऑफिसला दोन ओळींचा ईमेल पुरतो, प्रश्नाचा नंबर विषयाच्या ओळीतच टाकायचा. आणि हे सगळं जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करू नका, उन्हाळ्याची सुट्टी लागली की ऑगस्ट संपेपर्यंत सगळं थंड असतं.