शाळेच्या आयपॅडवर मराठी शाळेचा गृहपाठ उघडत नाहीये? आधी कुलूप कुठलं ते बघा

आमच्याकडे न्यू जर्सीत मराठी शाळा रविवारी सकाळी असते आणि गृहपाठ आठवतो शनिवारी रात्री साडेनऊला. गेल्या वर्षी मराठी शाळेच्या ताईंनी जोडाक्षरांची एक पीडीएफ आणि एका गोष्टीच्या व्हिडिओची लिंक पाठवली होती, लेकीने ती शाळेने दिलेल्या आयपॅडवर उघडली तर दोन्हीकडे ब्लॉक. मी वायफाय बंद-चालू केलं, राउटर रीस्टार्ट केला, आयपॅड रीस्टार्ट केला, तासभर गेला, आणि प्रॉब्लेम वायफायचा नव्हताच. त्यानंतर हे सगळं कसं चालतं ते मी नीट समजून घेतलं, शाळेच्या आयटीवाल्यांशी बोलले, दुसऱ्या आयांना मदत केली, म्हणून इथे सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट म्हणजे मुलं "ब्लॉक्ड आहे" म्हणतात तेव्हा ते एकच कुलूप नसतं, तीन वेगवेगळी असतात आणि तिघांच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे असतात. हे कळलं नाही तर तुम्ही चुकीच्या माणसाला ईमेल करत बसाल.

एक कुलूप आयपॅडवरच असतं. सेटिंग्ज उघडा, वरतीच लिहिलेलं दिसेल की हा आयपॅड अमुक डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) देखरेखीखाली आहे, मग जनरलमध्ये व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये जा, तिथे शाळेने टाकलेलं प्रोफाइल, म्हणजे शाळेच्या नियमांची फाइल, असते आणि त्यात कशाकशावर बंदी आहे त्याची यादीच असते. ही यादी मुलाला शेजारी बसवून एकदा वाचा, निम्मे वाद तिथेच मिटतात. अॅप स्टोअर गायब असणं, एअरड्रॉप बंद असणं, वॉलपेपर बदलता न येणं, हे सगळं इथून येतं. क्रोमबुक असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळावर क्लिक करा, तिथे मॅनेज्डची खूण दिसते, त्यावर दाबलं की माहिती उघडते.

दुसरं कुलूप म्हणजे वेब फिल्टर. गोगार्डियन, सिक्युरली, लाइटस्पीड ही नावं ब्लॉकच्या पानावर दिसतात ती याचीच. फिल्टर बहुतेक वेळा शाळेच्या वायफायवर नसतो, तो आयपॅडमध्ये किंवा मुलाच्या गूगल अकाउंटमध्ये बसलेला असतो आणि त्यामुळे तो तुमच्या घरीही येतो, लायब्ररीतही येतो आणि डिसेंबरात पुण्याला आजीकडे गेलात तर तिथेही येतो. म्हणून राउटर रीस्टार्ट करून काही होत नाही.

तिसरं कुलूप शिक्षकांचं. अॅपल क्लासरूमसारख्या अॅपमधून टीचर वर्ग चालू असताना सगळ्यांचे आयपॅड एकाच अॅपवर अडकवून ठेवू शकतात किंवा स्क्रीन बघू शकतात. तास संपला तरी आयपॅड त्याच अॅपवर अडकून राहिला तर आयटीला नाही, थेट त्या टीचरना सांगायचं, त्यांच्या हातातलं काम आहे.

आता मुख्य काम, म्हणजे साइट उघडून मागणं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की माझ्या मुलीच्या आयपॅडवर मराठी वेबसाइट चालत नाहीत, कृपया बघा, आणि दोन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्यांदा नीट लिहिलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी साइट उघडली. नीट म्हणजे काय, तर ब्लॉकच्या पानाचा स्क्रीनशॉट, कारण त्या पानावर बऱ्याचदा कुठल्या कॅटेगरीमुळे अडवलं ते लिहिलेलं असतं. आमच्या बाबतीत साइटमध्ये वाईट काहीच नव्हतं, तो ब्लॉग होता आणि ब्लॉगची सगळी कॅटेगरीच बंद होती. मग पूर्ण लिंक, नुसतं साइटचं नाव नाही, त्या पानाचा पूर्ण पत्ता. मग आयपॅडच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरवरचा अॅसेट टॅगचा नंबर, तारीख आणि वेळ, आणि एका वाक्यात ते कशासाठी हवंय. "मराठी शिकण्यासाठी दर आठवड्याला लागतं" एवढं पुरतं, मोठं भाषण नको. आणि मराठी पान समोरच्याला वाचता येणार नाहीये हे लक्षात ठेवा, त्यामुळे पानावर काय आहे ते इंग्लिशमध्ये दोन ओळींत सांगा, नाहीतर ते ज्याला कळत नाही ते उघडून द्यायला घाबरणार, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

कोणाला पाठवायचं? आधी वर्गशिक्षिका किंवा शाळेच्या लायब्ररीतल्या मीडिया स्पेशलिस्ट. आयटीचा हेल्पडेस्क पालकांपेक्षा शिक्षकांच्या तिकिटाकडे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीकडे, लवकर बघतो असा माझा अनुभव आहे, म्हणून शिक्षिकेलाच विनंती करा की त्यांच्या नावाने तिकीट टाकाल का.

कधीकधी उत्तर येतं की कायद्यामुळे आम्हाला ब्लॉक करावंच लागतं. याबद्दल थोडं माहीत असलेलं बरं. चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अॅक्ट नावाचा फेडरल कायदा २००० साली झाला, ज्या शाळा आणि लायब्रऱ्या ई-रेट योजनेतून इंटरनेटवर सवलत घेतात त्यांना तो लागू आहे, आणि त्यात अश्लील आणि मुलांना घातक अशी चित्रं अडवायला सांगितलंय. सगळे ब्लॉग किंवा परभाषेतली पानं बंद करा असं त्यात कुठेही नाही, तो त्या डिस्ट्रिक्टने केलेला सेटिंगचा निर्णय असतो, आणि निर्णय विनंती केली तर बदलता येतो. हे भांडायला वापरू नका, शांतपणे विचारायला वापरा.

यूट्यूबचं वेगळं आहे. शाळेच्या गूगल अकाउंटवर १८ वर्षांखालच्या मुलांसाठी गूगलने सप्टेंबर २०२१ पासून यूट्यूब खूप आवळलं, पण शिक्षकाने गूगल क्लासरूममध्ये लावून दिलेला व्हिडिओ मुलांना बघता येतो अशी सोय त्यात आहे. त्यामुळे एखादा व्हिडिओ शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवा असेल, समजा दिवाळीवर प्रेझेंटेशन करतेय, तर टीचरना तो क्लासरूममध्ये टाकायला सांगा. मराठी शाळेच्या व्हिडिओसाठी मात्र मी सरळ घरचा लॅपटॉप देते, त्यासाठी शाळेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पीडीएफचंही तेच, आता मी ताईंना लिंकऐवजी फाइलच पाठवायला सांगते आणि बहुतेक वेळा प्रिंट काढून हातात देते, जोडाक्षरं तशीही पेन्सिलीनेच चांगली बसतात.

मराठी टायपिंगसाठी खूप जण विचारतात की कीबोर्डचं अॅप टाकता येत नाही मग काय करायचं. अॅप लागतच नाही. आयपॅडमध्ये मराठी कीबोर्ड आधीच असतो, सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, मग कीबोर्ड्समध्ये अॅड न्यू कीबोर्ड करून मराठी निवडायचं. क्रोमबुकवर गूगल डॉक्समध्ये टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे आणि त्यात भाषा मराठी करता येते, मुलगा बोलेल तसं देवनागरीत उमटतं. उच्चार नीट करायची सवय लागते हा वरचा फायदा, ळ आणि ल मधला फरक माझ्या लेकीला यानेच कळला. हे पर्याय दिसतच नसतील तर आयटीने बंद केलेत, मग परत वरच्यासारखं तिकीट.

मुलाला वाचायला त्रास होत असेल, त्याचा आयईपी किंवा ५०४ प्लॅन (विशेष गरजेच्या मुलांना शाळेने द्यायच्या सोयींचा लेखी आराखडा) असेल आणि वाचून दाखवायची सोय किंवा मोठी अक्षरं यासारखं काही बंद असेल, तर हेल्पडेस्कच्या रांगेत थांबू नका. केस मॅनेजरला, म्हणजे तो प्लॅन सांभाळणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीला, लिहा आणि ती सोय प्लॅनमध्येच लिहून घ्या, मग ती देणं शाळेची जबाबदारी होते.

आता दुसरी बाजू, कारण अर्ध्या आयांची तक्रार उलटीच असते, की शाळेचं कुलूप पुरेसं नाहीये, पोरगा रात्री बारापर्यंत गणिताच्या नावाखाली गेम खेळतो. शाळेचा फिल्टर गेमच्या साइट अडवतो, पण मुलं रोज नव्या शोधतात आणि एकमेकांना देतात. इथे तुमच्या हातात काय आहे? आधी शाळेला विचारा की फिल्टरचं पालकांसाठीचं अॅप चालू केलंय का. सिक्युरलीचं आहे, गोगार्डियनचं आहे, पण डिस्ट्रिक्टने चालू केलं तरच तुम्हाला मिळतं. ते असेल तर मूल कुठल्या साइटवर होतं ते दिसतं. अॅपलचं फॅमिली शेअरिंग इथे चालत नाही, कारण मुलाचं शाळेचं अॅपल अकाउंट तुमच्या फॅमिलीत जोडता येत नाही. पण राउटर तुमचा आहे. त्याच्या अॅपमध्ये जाऊन शाळेच्या आयपॅडला रात्री नऊनंतर इंटरनेट बंद असं वेळापत्रक लावता येतं. एक अडचण येते ती अशी की आयपॅड वायफायला आपला खरा पत्ता न देता खासगी पत्ता देतो, तो बदलला की राउटरला तो नवाच आयपॅड वाटतो आणि वेळापत्रक लागू होत नाही. त्यासाठी आयपॅडच्या वायफाय सेटिंगमध्ये तुमच्या नेटवर्कसमोरच्या गोलातल्या इंग्रजी i वर दाबा आणि प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस फिक्स्ड करा. आणि आमच्या घरी सगळ्यात जास्त चाललेला उपाय म्हणजे आयपॅड रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी चार्जिंगला. बेडरूममध्ये नाहीच.

व्हीपीएन, प्रॉक्सी साइट (दोन्ही फिल्टरला वळसा घालायचे मार्ग), प्रोफाइल काढायच्या युक्त्या, हे मुलं करतातच आणि काही बाबा लोक कौतुकाने मदतही करतात, पण कृपया करू नका. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने आयपॅड वाटले आणि रूझवेल्ट हायस्कूलच्या जवळपास ३०० मुलांनी आठवड्याभरातच प्रोफाइल पुसून टाकून फेसबुक चालू केलं, त्यानंतर डिस्ट्रिक्टने आयपॅड घरी न्यायलाच बंदी घातली, म्हणजे ज्यांनी काही केलं नाही त्यांचंही गेलं. आणि आता ते इतकं सोपं राहिलेलंच नाही. शाळेचे आयपॅड अॅपलकडे शाळेच्या नावावर नोंदवलेले असतात, सगळं पुसून फॅक्टरी रीसेट केलं तरी पहिल्यांदा वायफायला जोडलं की शाळेचं प्रोफाइल परत येऊन बसतं, फक्त मुलाच्या सेव्ह न केलेल्या नोट्स जातात. फुकटच्या प्रॉक्सी साइटवर मूल शाळेचा पासवर्ड टाकतं तो कोणाच्या हातात जातो हे आपल्याला कधीच कळत नाही, मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भीती याची वाटते. शिवाय वर्षाच्या सुरुवातीला आपण न वाचता सही केलेला वापराचा करार असतो, त्यात यासाठी शिक्षा लिहिलेली असते, तो एकदा काढून वाचा.

प्रायव्हसीबद्दल लोक दोन्ही टोकांचं बोलतात. आयपॅड सांभाळणारी जी यंत्रणा असते तिला अॅपलच्या रचनेनुसार मुलाचे मेसेज किंवा ब्राउझरची हिस्ट्री दिसत नाही, आणि आयपॅड कुठे आहे हे हरवल्याचा मोड चालू केला तरच दिसतं. पण मुलाने भेट दिलेल्या साइट आणि सर्च फिल्टरला दिसतात, आणि काही डिस्ट्रिक्ट मुलांचे शाळेच्या अकाउंटवरचे ईमेल आणि डॉक्स तपासणारी सर्व्हिसही घेतात. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन डिस्ट्रिक्टवर केस झाली होती, शाळेच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने मुलांचे घरात फोटो काढले गेले होते, आणि डिस्ट्रिक्टने ६,१०,००० डॉलर देऊन ती मिटवली. म्हणून आमचा नियम असा की त्या आयपॅडवर घरचं काहीही नाही, घरचा ईमेल नाही, आजीचे फोटो नाहीत, आईबाबांचं अॅपल अकाउंट तर अजिबात नाही. शाळेने तुमच्या मुलाचा कुठला रेकॉर्ड ठेवलाय हे बघायचा हक्क तुम्हाला फेर्पा या शालेय नोंदींबद्दलच्या फेडरल कायद्याने १९७४ पासून आहे, लेखी मागितलं की ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं.

भारतात सुट्टीला नेणार असाल तर आधी शाळेला ईमेल करून लेखी होकार घ्या. काही ठिकाणी परदेशातून लॉगिनच अडवलेलं असतं, आणि आयपॅडचा विमा शाळेमार्फत असेल तर तो देशाबाहेर चालतो का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. लागणारी पुस्तकं, वर्कशीट निघण्याआधी डाउनलोड करून एअरप्लेन मोड लावून एकदा उघडून बघा, विमानात कळून उपयोग नाही.

आणि शाळा बदलणार असाल किंवा जूनमध्ये आयपॅड परत द्यायचा असेल तर शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अकाउंट बंद झालं की त्यातलं सगळं गेलं. नोट्स, चित्रं, निबंध पीडीएफ करून शाळेच्या ईमेलवरून घरच्या ईमेलला पाठवा, बाहेर ईमेल जात नसेल तर टीचरना सांगा, त्या पाठवून देतात. चुकून कोणी घरचं अॅपल अकाउंट टाकलं असेल तर साइन आउट करा, नाहीतर अॅक्टिव्हेशन लॉक लागून (म्हणजे त्या अकाउंटच्या पासवर्डशिवाय आयपॅड सुरूच होत नाही) उलटा आपला पासवर्ड मागायला शाळेचा फोन येऊ शकतो. चार्जर आणि केस त्याच पिशवीत ठेवा आणि परत दिल्याची पावती घ्या.